कपाटातल्या पेटीला ताप का आला?

ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. पाऊस नुकताच संपला होता आणि वसईच्या दुपारी अंगाची काहिली करीत होत्या. आमच्या शाळेत बारावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची घाई चालली होती. अर्ज संगणकावरून भरायचे, मुदत जवळ आलेली, आणि नेमके दुपारी दोन-अडीचच्या सुमारास इंटरनेट बंद पडायचे. सकाळच्या सत्रात सगळे सुरळीत. दुपारी बंद. संध्याकाळी पुन्हा सुरळीत.

प्रत्येकाचे निदान वेगळे होते. कोणी म्हणाले, लाइनच खराब आहे. कोणी म्हणाले, दुपारी सगळा गाव मोबाइलवर सिनेमे बघतो. लाइन तपासणारा माणूस सकाळी दहाला आला, तेव्हा सर्व काही ठीक होते, म्हणून तो परत गेला. शेवटी कोणीतरी शोध लावला की कपाटातल्या त्या लहानशा काळ्या पेटीला वगळून मोडेमची तार सरळ कार्यालयातल्या संगणकाला जोडली, तर इंटरनेट दिवसभर चालते. झाले! पेटी बाजूला पडली, अर्ज भरले जाऊ लागले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातला संगणक उघडला, तर एकही फाइल उघडेना. घटक चाचणीचे गुण, अर्जांच्या प्रती, सगळ्याला कुलूप लागले होते आणि ते उघडण्यासाठी पैशांची मागणी करणारी सूचना पडद्यावर झळकत होती. त्या संगणकावर तो दुरून चालवण्याची सोय सुरू राहिली होती आणि तिचा पासवर्ड अगदीच सोपा होता. आठवड्यापूर्वी पेनड्राइव्हवर काढून ठेवलेली प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या आठवड्याचे काम मात्र पुन्हा करावे लागले.

ती काळी पेटी म्हणजे शाळेची फायरवॉल होती. ती बिघडलेली नव्हती. तिला फक्त ताप आला होता. हा ताप का येतो, किती येतो आणि तो कसा उतरवायचा, हे शोधण्याचे काम मी नंतर अकरावीच्या मुलांवर सोपवले. त्यातून वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द पाठ्यपुस्तकातून उठून कपाटात जाऊन बसले. तोच अनुभव येथे सांगतो आहे.

पेटी काय करते?

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. अशा एखाद्या रांगेत एका गाळ्यात आग लागली तर ती शेजारी पसरू नये म्हणून दोन गाळ्यांच्या मध्ये न जळणारी, छपरापर्यंत नेलेली भिंत असावी लागते. अशा भिंतीला इंग्रजीत फायरवॉल म्हणतात. संगणकांच्या जाळ्याने हा शब्द तिथूनच उचलला.

इंटरनेटवरून माहिती लहान लहान पुडक्यांत येते. प्रत्येक पुडक्यावर ते कोठून आले, कोणाकडे जायचे आणि कोणत्या क्रमांकाच्या दारातून आत शिरायचे हे लिहिलेले असते. फायरवॉल हे पत्ते वाचते. आतून कोणी मागवलेले पुडके असेल तर ती आत सोडते. न मागवता आलेले, बंद ठेवलेल्या दारावर थाप मारणारे पुडके ती टाकून देते.

अशा राखणदाराची गरज जगाला २ नोव्हेंबर १९८८ रोजी प्रकर्षाने जाणवली. त्या दिवशी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम आपणहून एका संगणकातून दुसऱ्यात पसरत गेला आणि हजारो संगणक अडकून पडले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा कुलूपबंद करणारा प्रोग्राम कोणी काही न उघडताही, केवळ एक दार उघडे सापडले म्हणून, संगणकांत शिरला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका हल्ल्यात आपल्याकडच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तो हल्ला कंपनीच्या जगभरच्या आतल्या जाळ्यातूनच पसरला होता. दारावर राखणदार असला म्हणजे सगळे झाले असे नाही, हेही त्यातून दिसते. पण दारावर कोणीच नसणे हे त्याहून वाईट.

पूर्वी फायरवॉल म्हणजे मोठ्या कचेऱ्यांतले महागडे यंत्र होते. २००३ साली मॅन्युएल कॅस्पर या स्विस तरुणाने ‘मोनोवॉल’ हे मोफत सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. ते पंखा नसलेल्या छोट्याशा संगणकावरही चाले. त्याच्याच वंशातली ‘पीएफसेन्स’ आणि ‘ओपीएनसेन्स’ ही सॉफ्टवेअर आज शाळा, दवाखाने, लहान कारखाने येथे वापरली जातात. तळहातापेक्षा थोडी मोठी, पाती असलेली ॲल्युमिनियमची पेटी, आत एक छोटा प्रोसेसर, पंखा नाही, आवाज नाही. आमची पेटी याच जातीची.

बारा वॅटची शेगडी

मुलांना मी पहिला प्रश्न विचारला: ही पेटी १२ वॅट वीज घेते. त्यातली किती उष्णता होते?

उत्तरे आली: निम्मी, पाव, दहा टक्के. “बाकीची वीज कामाला लागते ना, सर!” हा तर्क चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे. पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवतो, म्हणजे काही ऊर्जा पाण्यात साठते. दिवा वीज घेतो आणि काही ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फायरवॉल काय उचलते? काहीच नाही. तारेतून जाणाऱ्या संकेतांबरोबर बाहेर पडणारी ऊर्जा अगदी नगण्य असते. म्हणजे १२ वॅट आत गेले की जवळजवळ १२ वॅट उष्णता होऊनच बाहेर यावे लागतात. पेटीने विचार कितीही केला, तरी उष्णतेच्या हिशेबात ती बारा वॅटची शेगडीच.

ही उष्णता होते कशी? चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक स्विच चालू-बंद होताना त्यात थोडा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. सेकंदाला जितक्या वेळा ही उघडझाप, तितकी उष्णता जास्त. शिवाय ही उष्णता विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चिप फार तापली की ती स्वतःच दाब आणि वेग कमी करते. तापलेला माणूस जसा सावलीत बसतो, तशी ती मंदावते. इंटरनेट ‘हळू’ होण्याचे हे एक कारण असते आणि ते लाइनीत शोधून कधीच सापडत नाही.

बारा वॅट म्हणजे फार नाहीत. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पन्नास मुलांचा वर्ग म्हणजे ५००० वॅट, म्हणजे घरातले अडीच गीझर! मग या बारा वॅटचे एवढे काय? प्रश्न किती उष्णता आहे एवढाच नसतो. ती किती लहान जागेतून आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, हा खरा प्रश्न आहे.

कागदाएवढी फट

उष्णतेची पहिली वाट वहनाची. चिपचा पृष्ठभाग समजा १ चौरस सेंटीमीटर आहे. त्यातून १० वॅट उष्णता पेटीच्या ॲल्युमिनियमपर्यंत न्यायची आहे. ॲल्युमिनियम उष्णतेचा चांगला वाहक, तांबे त्याहून चांगले. मग चिपवर धातू टेकवला की काम झाले?

येथे मुलांना एक गणित घातले. चिप आणि धातू यांच्यामध्ये वहीच्या कागदाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीची हवेची फट राहिली आहे असे समजा. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति अंश इतकी कमी असते. फटीची जाडी भागिले वाहकता गुणिले क्षेत्रफळ असा हिशेब केला, तर या फटीचा उष्णतारोध दर वॅटला सुमारे ३८ अंश येतो. म्हणजे १० वॅट नेण्यासाठी फटीच्या दोन बाजूंच्या तापमानात ३८० अंशांचा फरक हवा! प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण दोन पृष्ठभाग काही ठिकाणी टेकलेले असतात आणि चिप त्याआधीच बंद पडते. पण मुद्दा लक्षात येतो. तीच फट ४ वॅट प्रति मीटर प्रति अंश वाहकतेच्या लेपाने भरली, तर फरक अवघा अडीच अंश उरतो.

म्हणूनच चिपवर करड्या किंवा पांढऱ्या रंगाचा उष्णतावाहक लेप लावतात. तो धातूइतका चांगला वाहक नसतो. त्याचे काम हवेला हुसकावण्याचे. काही वर्षांनी लेप वाळतो, भेगाळतो, आणि पेटी पूर्वीपेक्षा जास्त तापू लागते. आत सगळे तेच, फक्त कागदाएवढ्या जाडीचा एक थर बिघडलेला.

यातून एक उलटे वाटणारे सत्य निघते. पेटी बाहेरून गरम लागते म्हणजे ती बिघडली असे समजू नका. गरम लागणे म्हणजे आतली उष्णता बाहेर पोचते आहे. बाहेरून थंड लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीतली चिप आत भाजत असू शकते. शिवाय हाताचा अंदाज फसवा असतो. ५० अंशांची धातूची पट्टी त्याच तापमानाच्या लाकडापेक्षा कितीतरी गरम वाटते, कारण धातू हाताला उष्णता झटपट देतो. म्हणून हातापेक्षा तापमापी बरी.

उष्णतेचा ओहमचा नियम

शाळेत मुले शिकतात: विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. उष्णतेलाही हेच लागू पडते. तापमानातला फरक म्हणजे उष्णतेचा प्रवाह गुणिले उष्णतारोध. आणि रोध एकापुढे एक आले की त्यांच्यावरचे फरक बेरजेने वाढत जातात. आमच्या कपाटाची बेरीज मुलांनी अशी मांडली.

कपाट प्लायवूडचे, बंद दाराचे, ६० × ४० × ३० सेंटीमीटरचे. आत फायरवॉल १२ वॅट, तिचा ॲडॉप्टर २ वॅट, मोडेम ६ वॅट आणि स्विच ५ वॅट, एकूण २५ वॅट. पाठ भिंतीला टेकलेली असल्याने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग सुमारे ०.८ चौरस मीटर. प्लायवूड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे हवेचे थर मिळून दर चौरस मीटरमधून दर अंशाला सुमारे ३ वॅट जातात. म्हणजे कपाटातली हवा खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी गरम.

पेटी १३ × १३ × ५ सेंटीमीटरची, फळीवर आडवी ठेवलेली. तळ झाकलेला, म्हणून उघडा पृष्ठभाग सुमारे ०.०४३ चौरस मीटर. शांत हवेत दर चौरस मीटरमधून दर अंशाला १० वॅट जातात असे धरले, तर पेटी भोवतालच्या हवेपेक्षा २८ अंशांनी गरम. पाती आखूड आणि दाटीने असल्याने त्यांचा फायदा या मोटा हिशेबात धरला नाही. चिपपासून पेटीपर्यंतचा रोध दर वॅटला २ अंश धरला, तर १० वॅटसाठी आणखी २० अंश.

दुपारी खोली ३४ अंश. त्यात १० मिळवले की कपाटातली हवा ४४. त्यात २८ मिळवले की पेटी ७२. आणखी २० मिळवले की चिप ९२.

मग मुलांनी पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे चिपचे तापमान दर अर्ध्या तासाने वहीत लिहिले. सकाळी आठला ७१ अंश, दुपारी दोनला ९३! सकाळी खोली २८ अंश असते आणि काम कमी असल्याने पेटी जेमतेम ९ वॅट घेते. तोच हिशेब पुन्हा केला तर ७१ च्या आसपास उत्तर येते. कागदावरची बेरीज आणि यंत्रातला आकडा इतके जवळ आलेले पाहून मुले हरखली.

चिपची मर्यादा तर १००-१०५ अंश असते. मग ९३ ला पेटी बंद का पडे? साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी. पेटीत माहिती साठवणारी चकती असते, तिची मर्यादा बहुधा ७० अंशच. पेटीचे आवरणच ७२ वर गेल्यावर आतल्या चकतीने मान टाकली, की सॉफ्टवेअर गोठून जाई. बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरू केली की तोवर थंड झालेली पेटी पुन्हा चाले, आणि आपल्याला वाटे, ‘बंद-चालू केले की लाइन सुधारते.’

उदबत्तीचा पुरावा

उष्णतेची दुसरी वाट अभिसरणाची. गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला खालून थंड हवा येते. हे मुलांना दिसावे म्हणून उदबत्ती पेटवली. गरम पेटी उघड्या टेबलावर आडवी ठेवून पात्यांच्या कडेला उदबत्ती धरली, तर धूर पात्यांवर घुटमळून मग कसाबसा वर चढला. पेटी कडेवर उभी केली, पात्यांमधल्या पन्हळी उभ्या झाल्या, आणि धूर खालून वर सरळ ओढला गेला. पंखा नाही, वीज नाही, तरी वारा सुरू झाला. (राख पेटीवर पडू देऊ नका, आणि उदबत्ती मोठ्या माणसानेच धरावी.)

मग पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला. धूर पुन्हा मंदावला. धूळ बसू नये म्हणून मोडेमवर रुमाल घालणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपण प्रेमाने त्याला गोधडी पांघरतो!

वसईच्या जुन्या कौलारू घरांनी हे केव्हाच ओळखले होते. उंच छप्पर, कौलांच्या सांध्यांतून निसटणारी गरम हवा, आणि तिच्या जागी ओटीवरून, खिडक्यांतून येणारा वारा. आपले कपाट म्हणजे वरून स्लॅब आणि खिडक्या बंद असलेली खोली. खाली आत येण्याची वाट आणि वर बाहेर पडण्याची वाट, दोन्ही हव्यात. नुसते वर भोक पाडून भागत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचे गोखिवऱ्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवण्याचे छोटे दुकान आहे. तो खिडकीच्या सेक्शनचा एक तुकडा घेऊन आला. “सर, पेटीची पाती अशीच बनवतात का?” हो, बहुधा अशीच. गरम करून मऊ केलेले ॲल्युमिनियम आकार कोरलेल्या साच्यातून जोराने दाबून बाहेर काढतात, चकलीच्या सोऱ्यातून पीठ काढावे तसे. खिडकीची चौकट आणि पेटीची पाती एकाच पद्धतीची भावंडे आहेत.

काळा की चकचकीत?

तिसरी वाट प्रारणाची. ही आपल्या लक्षातच येत नाही, कारण आपण लाल तापलेल्या वस्तूंनाच प्रारण करणाऱ्या समजतो. ६२ अंशांचा काळा पृष्ठभाग ३४ अंशांच्या खोलीत ठेवला, तर स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाने तो दर चौरस मीटरमधून निव्वळ सुमारे १८० वॅट प्रारणाने गमावतो. घासूनपुसून चकचकीत केलेले ॲल्युमिनियम याच परिस्थितीत जेमतेम १०-२० वॅट गमावते. शांत हवेत काळ्या पेटीची निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने जाऊ शकते. पेटी काळी असते ती केवळ शोभेसाठी नव्हे.

मात्र गंमत अशी की, पांढरा तैलरंगही जवळजवळ तितकेच काम करतो! डोळ्यांना पांढरा दिसणारा रंग अवरक्त किरणांच्या दृष्टीने ‘काळा’च असतो. रंग कोणता यापेक्षा उघडा चकचकीत धातू आहे की रंगवलेला, हे येथे महत्त्वाचे. उन्हात, गच्चीवर ठेवायच्या पेटीला मात्र पांढराच रंग बरा, कारण सूर्यप्रकाश तो परतवून लावतो.

पंखा लावावा का?

वर्गात हा प्रश्न जरूर विचारा: पंख्यासमोर तापमापी धरली तर पारा उतरेल का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. करून पाहा, उतरत नाही. पंख्याने आपल्याला गार वाटते ते घाम वाळल्यामुळे आणि अंगाभोवतीचा गरम हवेचा थर हटल्यामुळे. कोरडी तापमापी आधीच खोलीच्या तापमानाला असते. पेटी मात्र स्वतः उष्णता निर्माण करते, म्हणून पंख्याचा तिला उपयोग होतो. पण पंखा कितीही मोठा लावला तरी पेटी खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. आणि बंद कपाटात लावलेला पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो, वर स्वतःची उष्णता भर घालतो ती वेगळीच.

वसई-विरारला आणखी एक अडचण आहे. समुद्र जवळ, हवा खारट आणि दमट, जोडीला बांधकामांची धूळ. पंखा ही धूळ ओढून आत आणतो, ती ओलाव्याने चिकटते आणि पात्यांवर गोधडीसारखी बसते. पंख्याचे बेअरिंग झिजते. पंख्याच्या झरोक्यातून उबेला मुंग्या, झुरळे आणि कधी कधी पालही आत शिरते. म्हणून आपल्याकडे लहान पेटीला पंख्यापेक्षा मोकळी जागा बरी.

पावसाळ्यात तर ही उष्णता मित्रच ठरते. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असताना पेटीच्या आत ५० अंश असतील, तर तीच हवा आत गेल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांवर येते. चालू पेटी स्वतःला कोरडी ठेवते. महिनोन्महिने बंद पडलेली पेटी मात्र दमट हवेत गंजत जाते.

जुलै २०१८ च्या मुसळधार पावसात वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले होते, रेल्वेही थांबली होती. तेव्हापासून अनेकांनी यंत्रे उंचावर हलवली. ते योग्यच आहे. पण अगदी माळ्यावर, पत्र्याखाली नको, कारण खोलीतली सर्वांत गरम हवा तिथेच साठते. माणसाच्या खांद्याची उंची चांगली.

आम्ही काय केले?

आम्ही पेटी कपाटातून काढून भिंतीवरच्या लोखंडी जाळीच्या फळीवर, पाती उभी राहतील अशी, कडेवर ठेवली. कपाट गेले म्हणजे १० अंश गेले. तळही मोकळा झाल्याने पृष्ठभाग ०.०६ चौरस मीटर झाला, म्हणजे २८ ऐवजी २० अंश. हिशेब सांगत होता की चिप ९२ वरून ७४ वर यावी. दुपारी दोनला आकडा आला ७७. तीन अंश का चुकले, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. भिंत जवळ आहे, पेटीखालचा भाग जाळीने थोडा झाकला आहे, खोली त्या दिवशी ३५ अंश होती. हे तीन अंश मुलांना बेरजेपेक्षा जास्त शिकवून गेले.

खर्च झाला फक्त फळीचा. फायदा मात्र मोठा. पेटीतल्या आणि ॲडॉप्टरमधल्या लहान धारित्रांचे आयुष्य दर १० अंश कमी केले की साधारण दुप्पट होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. १०५ अंशांना २००० तास टिकणारे धारित्र ७५ अंशांना १६,००० तास, म्हणजे अखंड वापरात पावणेदोन-दोन वर्षे टिकेल. ५५ अंशांना तेच ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक.

आणि मोडेमची तार पुन्हा पेटीतून गेली. कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्ड बदलला, दुरून चालवण्याची सोय बंद केली, आणि दर शुक्रवारी प्रत काढून ती संगणकापासून वेगळी ठेवण्याचे काम शिपाईमामांच्या साक्षीने सुरू झाले.

वर्गात करून पाहा

१. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. एक चकचकीत राहू द्या, दुसऱ्याला बाहेरून कोणताही तैलरंग लावा आणि तो पूर्ण वाळू द्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकण लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. कोणता आधी निवतो? आलेख काढा. तिसरा डबा पांढऱ्या रंगाचा केला तर?

२. शाळेतला मोडेम किंवा राउटर कोठे ठेवला आहे ते पाहा. तो बंद कपाटात असेल तर कपाटातली आणि खोलीतली हवा एकाच वेळी मोजा. दार उघडे ठेवून तासाभराने पुन्हा मोजा.

३. त्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकार करा. आलेले वॅट ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष वापर बहुधा त्याहून कमी असतो. असे का असावे, यावर चर्चा करा.

४. दुपारी इंटरनेट मंदावत असेल, तर आठवडाभर वेळ, खोलीचे तापमान आणि इंटरनेटचा वेग यांची नोंद ठेवा. दोष लाइनीत आहे की कपाटात, हे त्या वहीवरूनच ठरवा. आणि तोवर पेटी काढून टाकू नका.